चार वर्षांच्या नातवाची कवळी: नागपूरच्या एका बालदंत विभागाबद्दल

घरात दीड वर्ष उलटून गेलेलं मूल आहे, हिरडीवर अजून एकही दात नाही आणि सगळे म्हणताहेत, "येतील गं, काहींना उशीर लागतो." असं असेल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. नागपूरच्या एका दंत महाविद्यालयातल्या बालदंत विभागात माझ्या नातवावर उपचार चालू आहेत. पाचवं लागायच्या आत त्याला पहिली कवळी बसली. आता तो पहिलीत जातो, दुसरी कवळी वापरतो आणि ज्वारीची भाकरी चावून खातो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बहुतेक नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. लेक आणि जावई दोघंही कामावर जाणारे, त्यामुळे नातवाला नागपूरला नेण्याआणण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

त्याच्या आजाराचं नाव हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेजिया. विभागातल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून तो मला समजावला. पोटातल्या बाळाच्या अंगावर जो सगळ्यात बाहेरचा थर असतो, त्यातून केस, नखं, घामाच्या ग्रंथी तयार होतात आणि दातांच्या कोंबांची सुरुवातही तिथूनच होते. त्यासाठी पेशींमध्ये निरोपांची देवाणघेवाण व्हावी लागते. ईडीए नावाचा जीन हा त्यातला महत्त्वाचा दुवा, आणि तो एक्स गुणसूत्रावर असतो. त्यात बिघाड असला की दातांचे कोंब मोजकेच धरतात, कधी धरतच नाहीत. जे दात येतात ते टोकदार. केस विरळ राहतात, कातडी कोरडी पडते आणि घाम जवळजवळ येत नाही. दात नसणं लोकांच्या लगेच नजरेत भरतं, पण जिवावर बेतू शकतं ते घाम न येणं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बाळ असताना नातवाला मार्चपासून जे ताप सुरू व्हायचे ते पाऊस पडेपर्यंत. मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, अँटिबायोटिकच्या बाटल्या झाल्या. तापाचं औषध पाजून काही फरक पडत नसे आणि ओल्या पंचाने अंग पुसून पंख्याखाली ठेवलं की तासाभरात पोर खेळायला लागे. हे माझ्या लेकीनेच हेरलं. तो ताप जंतूंचा नव्हता. अंगातली उष्णता बाहेर टाकायला घामच नव्हता, आणि अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. ज्यांना हे वाचून आपलं मूल आठवेल त्यांनी दातांची वाट न बघता आधी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

दातांचं विचारलं तेव्हा गावातल्या दवाखान्यात सांगितलं गेलं की उशीर झालाय, येतील. अडीच वर्षांच्या सुमाराला वर दोन दात आले, दोन्ही टोकदार, मध्ये मोठी फट. खाली काहीच नाही. मग अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. ही सरकारी योजना २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पथकातल्या डॉक्टरांनी पोराचे केस बघितले, पाठीवरून हात फिरवला, ओठ वर करून हिरडी बघितली आणि लेकीला एकच प्रश्न विचारला, "याला घाम येतो का?" तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चिठ्ठी आणि तिथून नागपूर. अंगणवाडीतली तपासणी म्हणजे नुसती वजन-उंची, असं समजून त्या दिवशी मुलाला घरी ठेवणारे पालक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. ठेवू नका.

नागपूरला आल्यावर पहिल्या खेपेला विभागाने उपचार म्हणून काहीच केलं नाही, आणि मला इथला पहिला चांगला गुण तोच वाटला. नातवाला खुर्चीत बसवलं, खुर्ची वर-खाली केली, तोंड बघायचा आरसा त्याच्या हातात दिला आणि एका बाहुलीच्या तोंडात त्यालाच बघायला लावलं. इथे प्रत्येक गोष्ट आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. खोटं सांगत नाहीत. "दुखणार नाही" असं सरसकट म्हणत नाहीत. "थोडं दाबल्यासारखं वाटेल, मी पाचपर्यंत म्हणेन" असं म्हणतात आणि पाचला थांबतात. लहान मुलं शब्द पाळणाऱ्या मोठ्या माणसाला बरोबर ओळखतात.

पुढे जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढला, त्याला ओपीजी म्हणतात. हिरडीच्या आत काय आहे ते त्यातच कळतं. निरोगी मुलाला दुधाचे २० आणि पुढे कायमचे ३२ दात येतात, आणि या वयात कायमच्या दातांचे कोंब हाडात दिसायला हवेत. नातवाच्या वरच्या जबड्यात चार कोंब दिसले. खालचा जबडा पूर्ण मोकळा. लेक तो एक्स-रे बघून गप्प झाली. मॅडमनी तिला घाई केली नाही, बाहेर रांग असूनही.

त्याआधी आम्ही एका खासगी दवाखान्यात विचारलं होतं. तिथलं उत्तर होतं, अठरा वर्षांचा होऊ द्या, मग इम्प्लांट करू, तोवर काही करण्यासारखं नाही. त्यातला पहिला भाग बरोबर आहे आणि दुसरा साफ चुकीचा. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला धातूचा स्क्रू. खरा दात जबड्याबरोबर वाढतो, सरकतो. इम्प्लांट बसवलं तिथेच राहतं. मॅडमच्या शब्दांत, वाढत्या झाडात ठोकलेला खिळा. आजूबाजूचं हाड वाढतं आणि ते खोल जातं. म्हणून सर्वसाधारणपणे वाढ पूर्ण झाल्यावरच इम्प्लांट करतात. अगदीच दात नसतील तर खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात काही ठिकाणी आधी विचार होतो, पण तो अपवाद. म्हणून अठरा वर्षं पोराने तोंड रिकामं ठेवायचं का? तीन-चार वर्षांचं मूल सांगितलेलं ऐकू लागलं की त्याला कवळी देता येते, आणि ते वाढेल तशी ती बदलत जायची. चावणं, बोलणं, ओठांना आधार, चारचौघांत हसणं, हे सगळं शाळेच्या वयातच लागतं.

कवळीचं माप घेणं हे मला सगळ्यात कठीण वाटत होतं. अल्जिनेट नावाची पावडर पाण्यात कालवून तिचा लगदा ट्रेमध्ये भरतात आणि तो ट्रे हिरडीवर दाबून धरतात. मोठ्या माणसालाही उमळून येतं. त्यात या आजारात नाकही आतून कोरडं असतं, खपल्या धरतात, नाकाने श्वास घेताना पोर हैराण. मॅडमनी आदल्या आठवड्यापासून मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालायला लावले आणि मापाच्या दिवशी आधी नाक साफ करून घेतलं. त्याला सरळ बसवलं, मान किंचित पुढे. खालचं माप आधी, कारण त्याने कमी उमळतं. लगदा कोमट पाण्यात कालवला, म्हणजे तो लवकर घट्ट होतो. नातवाला काम दिलं होतं, पायाचा अंगठा हलवत राहायचं. वरचं माप निघालं आणि तो म्हणाला, "आजी, मले दाखव." त्याच्या हिरडीचा उलटा ठसा त्याने हातात घेऊन बोटाने चाचपला.

त्यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगते. ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करतात. त्यावर मेणाचे उंचवटे करून ते तोंडात घालतात आणि वरचा-खालचा जबडा किती अंतरावर मिटला पाहिजे ते ठरवतात. दात नसले की चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, ओठ बाहेर वळतात, लहान मूल म्हातारं दिसतं. हे अंतर नीट धरलं की चेहरा वयाचा दिसतो. मग मेणात दात लावून एकदा घालून बघतात आणि शेवटी अक्रेलिक नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये पक्की कवळी.

मेणातली कवळी बघितली त्या दिवशी मी एक प्रश्न विचारला. एवढ्याशा तोंडाला दात कुठून आणले? लॅबमधल्या तंत्रज्ञांनी मोठ्यांसाठीच्या सगळ्यात लहान मापाचे दात घेऊन ते घासून दुधाच्या दातांच्या आकाराचे केले होते. रंगही जास्त पांढरा निवडला होता, कारण दुधाचे दात कायमच्या दातांपेक्षा पांढरे असतात. लोकांच्या लक्षात येणार नाही अशी ही गोष्ट आहे, पण शाळेतली मुलं शेजारच्याचे दात फार जवळून बघतात. पिवळसर मोठ्या दातांची कवळी त्याच्या तोंडात लगेच वेगळी दिसली असती. त्या तंत्रज्ञांना आम्ही कधी भेटलो नाही. मॅडमना सांगून त्यांच्यापर्यंत आमचे आभार पोचवले.

वरचे दोन टोकदार दात काढले नाहीत, घासलेही नाहीत. त्यांवर कंपोझिट नावाचा दाताच्या रंगाचा लगदा चढवून निळ्या प्रकाशाने तो घट्ट केला आणि त्यांना पुढच्या दातांचा आकार दिला. वरची कवळी त्यांच्या आधाराने बसते. मूळ दात ठेवणं महत्त्वाचं, कारण दात असतो तिथलं हाड टिकतं. जिथे दात आलाच नाही तिथली हिरडीची कड फार पातळ आणि बुटकी राहते. कवळीने हाड वाढत नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पुढे इम्प्लांटच्या वेळी हाड भरावंही लागू शकेल.

खालच्या कवळीने त्रास दिला. पातळ कड, लाळ कमी, जीभ चळवळी. कवळी सुटून यायची. त्यांनी आधी काही आठवडे फक्त वरची वापरायला दिली, तिची सवय झाल्यावर खालची. हिरडी लाल झाली की बोलवायचे आणि आतून बरोबर तेवढा भाग घासून द्यायचे. या घासण्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

घरी काय करायचं तेही लिहून ठेवते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुवायची. टूथपेस्टने चरे पडतात आणि गरम पाण्याने अक्रेलिक वाकतं. धुताना खाली पाण्याने भरलेली बादली ठेवायची, हातातून निसटली तरी फुटत नाही. जे खरे दात आहेत त्यांना फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, कारण लाळ कमी असल्याने ते लवकर किडतात. खाण्याची सुरुवात वरण-भात, मऊ पोळी, पिकलं केळं. चावताना घास दोन्ही बाजूंना वाटून घ्यायला शिकवायचं, एकाच बाजूने चावलं तर कवळी दुसरीकडून उचलते. पेरूच्या फोडी आमच्याकडे चालतात, अख्खा पेरू पुढच्या दातांनी तोडायला अजून बंदी आहे.

आता बोलण्याबद्दल, कारण तो माझा प्रांत. कवळीआधी त, थ, द, ध, न म्हणताना नातवाची जीभ बाहेर यायची. "साखर"चं "थाखर" व्हायचं. फ आणि व हे खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून म्हणायचे, तिथे दोन टोकांशिवाय टेकायला काही नव्हतं. कवळी घातल्यावर पहिल्या दिवसांत बोलणं आणखी बिघडलं आणि लेक घाबरली. मॅडमनी सांगितलं होतं की असं होतं, जिभेला नवी जागा शिकावी लागते. मी त्याला रोज संध्याकाळी मोठ्याने म्हणायला लावायची: दादा दूध दे, ताई ताट धू, सात साप सरळ. आरशासमोर बसवून. त निघाला, मग द, शेवटी स. पहिलीच्या वर्गात जी मुलं बोबडं बोलतात ती हळूहळू हात वर करेनाशी होतात. मी वर्षानुवर्षं हे पाहिलं आहे. माझा नातू आज वर्गात उभा राहून कविता म्हणतो. विभागाला मी दिलेल्या ताऱ्यांपैकी एक पूर्ण तारा यासाठी आहे.

आणि एक तारा उन्हासाठी. हा विभाग दातांचा असूनही त्यांनी घामाचा प्रश्न आपला मानला. आम्हाला सकाळची पहिली वेळ ठरवून दिली. मार्च ते जून फार गरज असेल तरच बोलावतात. उपचाराच्या खोलीत थंड हवा असते आणि खुर्चीजवळ पाण्याची फवारणीची बाटली. मधून मधून त्याच्या मानेवर, हातांवर मारतात. यवतमाळहून आम्ही पहाटेची एसटी धरतो, ओली बंडी घालून त्याला खिडकीशी बसवते. शाळेसाठी मॅडमनी मराठीत पत्र दिलं: परिपाठाला उन्हात उभं करू नये, मागेल तेव्हा पाणी द्यावं, अंग ओलं करू द्यावं, मैदानावरचा खेळ सकाळीच. मुख्याध्यापकांनी ते वर्गाच्या फाईलला लावलं. एका दंतवैद्यांनी शाळेला असं पत्र लिहिणं मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

आता घरातली गोष्ट. निदान झाल्यावर नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की हे आईकडून आलं. मॅडमशी बोलताना मी काहीतरी सांगून हसले आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. विचारलं, "आजी, तुमच्या पुढच्या दातांशेजारचा एक दात टोकदार आहे, आणि दुसऱ्या बाजूचा?" दुसऱ्या बाजूचा मला कधी आलाच नाही. लेकीलाही दोन दात कमी. आम्हा दोघींना घामही अंगावर कुठे येतो, कुठे येत नाही. बाईला दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा बरंचसं काम करतो, म्हणून आमच्यात एवढंच दिसलं. मुलाला एकच एक्स, तो आईकडून. अशा आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीत तो लपून राहण्याची शक्यताही निम्मी.

मॅडमनी मग एक जुनी नोंद सांगितली. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलं आहे: चार पिढ्यांत दहा पुरुष, तोंडात मोजकेच दात, अंगावर केस फार कमी, आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीने हैराण. मुलींना तो त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना होतो. बापाकडून मुलाकडे मात्र कधी जात नाही. गुणसूत्रांचं कोडं उलगडण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद. लेकीने ती ऐकली आणि पहिल्यांदा रडली, कारण तिला कळलं की हे तिने खाल्लेल्या-प्यालेल्या कशामुळे, ग्रहणात बाहेर पडल्यामुळे झालेलं नाही. मला माझा धाकटा भाऊ आठवला. दोन वर्षांचा असताना वैशाखात तापाने गेला. आई सांगायची, त्याला दात आले नव्हते. तो हाच आजार होता का, हे आता कुणी सांगू शकत नाही असं मॅडम म्हणाल्या. पण तेव्हा ओल्या पंचाचं कुणाला ठाऊक असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जनुकांची तपासणी आणि समुपदेशन या विभागात होत नाही, त्यासाठी दुसरीकडे पाठवतात. लेकीला दुसऱ्या बाळाचा विचार करायचा होता म्हणून ते आम्ही केलं. तिथे कळलं की जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये या आजारात शरीरात न बनणारं प्रथिन गर्भजलात सोडून जुळ्या मुलांवर जन्माआधीच उपचार झाले, ती मुलं घाम येणारी जन्मली, आणि हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर मोठी चाचणीही हाती घेतली गेली. आमच्यासारख्यांना जवळच्या दवाखान्यात मिळेल असं हे अजून नाही, पण लेकीने ते कात्रण जपून ठेवलं आहे.

बाहेरच्या बाकावर बसून मी बाकीची मुलंही पाहिली. एका मुलीचे सगळेच दात पिवळे-तपकिरी, खडबडीत, थंड पाणी लागलं की ती कळवळायची. गावात सगळ्यांनी तिला फ्लोराइडचे दात ठरवलं होतं. आमच्या जिल्ह्यात काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड खरंच जास्त आहे, त्यामुळे हा गैरसमज सहज होतो. तिला निघालं अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे दातावरचं कठीण आवरण जन्मतःच नीट न बनणं. फरक असा की फ्लोराइडचे डाग गावातल्या पुष्कळ मुलांत दिसतात आणि दुधाच्या दातांवर सहसा कमी. या आजारात दुधाचे आणि कायमचे, जवळजवळ सगळेच दात तसे असतात आणि घराण्यात आणखी कुणाला असू शकतात. तिच्या दाढांवर स्टीलच्या टोप्या चढवल्या, पुढे कंपोझिट. पुढच्या वेळी ती आईस्क्रीमबद्दल बोलत होती.

एक बाळंतीण दात घेऊन जन्मलेलं बाळ घेऊन आली होती, सोबत घाबरलेला मामा. असा दात मामाला वाईट, म्हणून घरच्यांना तो त्याच दिवशी उपटून हवा होता. मॅडमनी समजावलं की बहुतेक वेळा तो लवकर आलेला दुधाचाच दात असतो, काढला तर ती जागा पुढे कित्येक वर्षं रिकामी राहते. फार हलत असेल, श्वासनलिकेत जायची भीती असेल किंवा बाळाच्या जिभेखाली जखम होत असेल तरच विचार करायचा. या बाळाचा दात घट्ट होता. फक्त त्याची धार गुळगुळीत करून दिली. मामाशी त्या वेगळ्या बोलल्या, अगदी गांभीर्याने, त्याची भीती न हिणवता.

आता अर्धा तारा. हे महाविद्यालय आहे, म्हणजे हातात काम घेतात ते पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर आणि वर प्राध्यापक लक्ष ठेवतात. काम उत्तम होतं. पण तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा. ज्या डॉक्टरांनी नातवाची पहिली कवळी केली, ज्यांच्या आवाजाला तो सरावला होता, ते शिकून बाहेर पडले. नवीन डॉक्टरांना त्याचं नाक, त्याचं ऊन, त्याची भीती, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. इथे उपचार चौदा-पंधरा वर्षं चालणार आहेत. अशा मुलांसाठी एक प्राध्यापक कायम नेमून द्यावा आणि जाणाऱ्या डॉक्टरांनी येणाऱ्यासमोर मुलाला एकदा तरी तपासावं, असं मी विभागप्रमुखांना लेखी दिलं आहे. बाहेरच्या हॉलमध्ये नुसते पंखे आहेत, दुपारी तिथे थांबणं आमच्यासारख्यांना शक्य नाही. लॅबचं काम रेंगाळतं. सांगितलेल्या तारखेला निघण्याआधी फोन करून खात्री करा. केसपेपरवर सगळं इंग्रजीत असतं. मराठीत दोन ओळी मागून घ्या, देतात.

खर्च: दोन्ही कवळ्यांचे मिळून साडेतीन हजार लागले. खासगीत सांगितलेला आकडा याच्या कितीतरी पट होता. कवळी दीड-दोन वर्षांनी बदलावी लागते किंवा आतून अस्तर भरून घ्यावं लागतं, तेव्हा हा फरक फार मोठा.

जाणार असाल तर जन्मापासूनचे तापाचे कागद सोबत न्या, दातांशी संबंध नाही असं वाटलं तरी. आईचे, आजीचे, मावशीचे दात बघून घ्या आणि डॉक्टरांना आपणहून सांगा. प्रत्येक एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जुनी कवळी टाकू नका, नवीन करताना डॉक्टर ती मागतात आणि नवीन दुरुस्तीला गेली की तीच कामाला येते. दुधाचे दोन दात हलायला लागले की मागचे कायमचे दात बघून आमच्या नातवाची पुढची कवळी ठरेल, बहुधा दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हाचा अनुभव इथेच खाली जोडीन. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, संध्याकाळी सातनंतर मी उत्तर देते.